पहिल्या बोंडाची हाक

ईशाननं परवा मेलबर्नहून फोनवर विचारलं, "आजी, मोठ्या आजीला कोविड होऊन किती वर्षं झाली. त्या बऱ्याही झाल्या होत्या ना? मग आता कशानं गेल्या?"

मी म्हटलं, नीट लिहून पाठवते. लिहायला बसले आणि लक्षात आलं की हे त्याला उद्देशून लिहिणं जमत नाही. विषाणू, फुप्फुस, व्रण असे शब्द ओळीनं मांडत गेले की त्यांतून तुम्हीच निघून जाता. म्हणून बाई, हे तुम्हांलाच लिहिते आहे. ईशान आणि त्याची बहीण मैत्रेयी शेजारी बसून वाचतील. तुम्ही मधेमधे मला तोडायच्या तसं आता कोणी तोडणार नाही. तेवढं सोडलं तर हे आपलं नेहमीचंच बोलणं आहे.

मुलांना नातं धड ठाऊक नाही, ते आधी सांगते. तुम्ही त्यांच्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी तुम्हांला पहिल्यापासून बाई म्हणत आले आणि तुम्ही मला मास्तरीण. बाभुळगावच्या पुढे आपल्या गावात तुम्ही शेती सांभाळलीत. मी यवतमाळला शाळेत इंग्रजी शिकवलं.

मी तुम्हांला आधी पाहिलं नाही, ऐकलं. लग्न होऊन घरात आले तेव्हा आपल्याकडे वेचणीचा पहिला दिवस होता आणि तुम्ही सकाळीच वावरात गेल्या होत्या. मी चुलीपाशी काय करावं ते न सुचून उभी होते. इतक्यात लांबून, गावाच्या बाहेरून, एक हाक आली. ओरडणं नव्हतं ते. विहिरीत सोडलेला दोर सरसर उलगडत जावा तशी ती हाक लांबत गेली. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "झाली सुरू वेचणी." मी विचारलं, कोणाचा आवाज? त्या म्हणाल्या, "तुह्या जावंचा. दुसऱ्या कोनाचा राहीन?"

ती आपल्या घराची रीत मला पुढे कळली. कापूस फुटला की सीतादही करायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाखाली खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, चारी दिशांना दहीभात शिंपडायचा. मग घरातल्या थोरल्या सुनेनं पहिलं बोंड वेचायचं आणि हाक द्यायची, "या वं मायहो!" ती हाक शेवटच्या तासापर्यंत, म्हणजे पिकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत, पार पाटाच्या कडेला उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोचली पाहिजे. तोवर कोणी बोंडाला हात लावायचा नाही. इतर घरांत सीतादही होते, पण ही हाक आपल्याच वावरात. आणि तुमच्याइतकी लांब हाक सासूबाईंच्या सासूचीही नव्हती, असं गावात म्हणत.

दुसऱ्या लाटेत तुम्ही आजारी पडलात. ते दिवस मी इथे पुन्हा मांडत नाही, ते सगळ्यांकडे आपापले आहेत. तुम्हांला यवतमाळच्या दवाखान्यात पालथं झोपवून ठेवलं होतं आणि काचेबाहेरून मला फक्त तुमच्या पायांच्या टाचा दिसत होत्या, एवढंच लिहिते. त्या टाचांतल्या भेगांत आपल्या वावराची काळी माती होती. नर्सनं पुसूनही ती गेली नव्हती.

तुम्ही घरी आलात तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. तरुण डॉक्टरांनी स्कॅनचं चित्र दिव्यासमोर धरलं आणि आपल्याला दोघींना जवळ बोलावलं. ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले, तशी तुम्ही त्यांना सांगितलंत की छाती माही आहे, मलेच सांगा. ते हसले आणि तुम्हांलाच सांगू लागले.

त्यांनी सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं ऐकलं. शाळेत हे धडे माझ्या शेजारच्या वर्गात शिकवले जायचे. पण त्या दिवशी ती तुमची फुप्फुसं होती. श्वासनळीला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला बारीक फुग्यांचा घोस. ते सगळे फुगे उलगडून अंथरले तर आपलं अख्खं खळं झाकलं जाईल. आणि हे खळं छातीच्या पिंजऱ्यात घडी करून ठेवलेलं. फुग्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ, तिच्या पलीकडे लगेच रक्त. हवा इकडून तिकडे जाते, त्यासाठी कोणाला काही करावं लागत नाही. विषाणू तिथे शिरला, त्या भिंतीच्या पेशी त्यानं मोडल्या. त्याला मारायला शरीरानं आपली सगळी फौज धाडली आणि फौजेनं जाता जाता वावर तुडवलं. फुग्यांत पाणी भरलं. मग दुरुस्ती सुरू झाली, आणि घाईच्या दुरुस्तीत काही जागी मऊ भिंतीऐवजी जाड, चिवट धागे विणले गेले. चित्रात ते पांढुरके पट्टे दिसत होते, खालच्या बाजूला जास्त.

तुम्ही बराच वेळ चित्र पाहिलंत. मग म्हणालात, "गादीत कापसाचे गोळे होते, तसं झालं म्हना ना."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच.

"मंग पिंजून नाही भेटत काय?"

इथून आपला वाद सुरू झाला, बाई, आणि तो अजून संपलेला नाही. परतताना गाडीत मी तुम्हांला समजावलं की कापूस वेगळा आणि जिवंत मांस वेगळं. व्रण एकदा झाला की झाला. गादी उसवून पिंजाऱ्याला देता येते, छाती देता येत नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू पयलेपासून आशीच आहेस वं. पुस्तकात नसन तं जगात नाही."

मग तुम्ही पिंजायला सुरुवात केलीत. डॉक्टरांनी तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं, नळीनं हवा ओढली की चेंडू वर चढायचे. तुम्ही ओसरीवर बसून ते ओढायच्या, एक चेंडू हलायचा आणि तुम्हांला खोकल्याची उबळ यायची. शेजारच्या बाया बघायला यायच्या. त्यांच्यातल्या धडधाकट बायांनाही तुम्ही ओढायला लावायच्या आणि कोणाचे तीनही चेंडू वर गेले की खट्टू व्हायच्या. दवाखान्यातून आल्यावर न्हाणीपर्यंत जाताना तुम्ही भिंत धरायच्या. पावसाळा सरेपर्यंत तुम्ही देवळापर्यंत जायला लागलात. हिवाळ्यात वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत. वाटेत थांबण्याच्या जागा तुम्ही ठरवल्या होत्या: हापशी, पिंपळाचा पार, तुमच्या मुलाच्या, दिगूच्या मित्राचं दुकान. दिगू मागून खुर्ची घेऊन यायचा आणि तुम्ही तिच्यात बसायच्या नाहीत.

त्या वर्षी सीतादहीला तुम्ही उभं राहून हाक दिलीत. अर्ध्या वावरात पोचली. अर्ध्या वावरात पोचली याचं मला नवल वाटलं, आणि बाकीच्या अर्ध्याचं तुम्हांला वाईट.

वर्षानं पुन्हा स्कॅन काढला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. पांढुरके पट्टे सगळे गेले नव्हते, पण कितीतरी विरळ झाले होते. जिथे धूसर होतं तिथे पुन्हा काळी, मोकळी हवा दिसत होती. फुग्यांच्या भिंतीतच काही राखीव पेशी असतात, त्या पुढे होऊन नवी भिंत घालतात, आणि जास्तीचे धागे शरीर सावकाश उसवूनही टाकतं, असं ते सांगत होते. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. तुम्ही माझ्याकडे वळलात. मी म्हटलं, अर्धं मान्य. तुम्ही म्हणालात, "अर्ध्यानं काय होते वं, पुरं म्हन."

मी पुरं म्हटलं नाही. ज्या जागी धागे राहिले होते तिथलं मला डॉक्टरांनी वेगळं सांगितलं होतं. राहिलेला व्रण गप्प बसत नाही. तो आकसतो आणि शेजारच्या चांगल्या भागालाही ओढतो. आणि साधा सर्दीताप जरी आत उतरला, तरी फुप्फुसांची जी शिल्लक ताकद आपण वापरून चुकलो ती दुसऱ्यांदा मिळत नाही. हे मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. तुम्हांला ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

पुढच्या एका थंडीत तो साधा सर्दीतापच आला. घरातल्या सगळ्यांना झाला, चार दिवसांत सगळे उठले. तुमचा उतरला नाही. तेव्हापासून घरात यंत्र आलं. खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढून नाकातल्या नळीतून देणारं, दिवसभर घरघरणारं. लाइन गेली की दिगू इन्व्हर्टर लावायचा, तोही दमला की सिलिंडर. तुम्ही यंत्राला आधी नावं ठेवलीत आणि मग त्याला घरचं माणूस केलंत.

हे मुलांना सांगायलाच हवं, कारण असं फक्त आपल्याच घरी होऊ शकतं. यंत्र आल्यावर काही दिवसांनी तुमच्या बोटाला लावायच्या चिमट्यावरचा आकडा घसरायला लागला. दिगूनं घाबरून फोन केला की काकू, आईचं वाढलं, या. मी आले. तुम्ही निळसर ओठांनी मला म्हणालात, बस, चहा घे. यंत्रावर पिवळा दिवा लागला होता. दिवा मला जरा उशिरा दिसला, कारण यंत्राला तुम्ही कव्हर शिवलं होतं. शिलाई मशीनला, मिक्सरला, टीव्हीला शिवलं होतं तसंच, जुन्या लुगड्याच्या काठाची झालर लावून, वरून खालपर्यंत. एवढं महागाचं यंत्र, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून. आणि यंत्र ठेवलं होतं समोरच्या खोलीत, जिथे दरसाल भाव वाढायची वाट बघत कापूस रचलेला असतो. ढीग आढ्याला टेकला होता.

मी कव्हर काढलं. मागची जाळी उघडली. आतून कापसाची एक लादी निघाली, सबंध, चौकोनी, नमदा असावा तशी. मी ती तुमच्या हातात दिली. तुम्ही ती बोटांनी चाचपून पाहिलीत आणि तेवढ्या श्वासातही हसलात.

"पाह्य वं. तुह्या यंत्रालेच दम लागून राह्यला."

जाळी धुतली, यंत्र मागच्या खोलीत नेलं, तासाभरात ओठांचा रंग परतला. दिगूची बायको वर्षा रडत रडत हसत होती. पण ती लादी माझ्या डोक्यातून गेली नाही. यंत्राची ही गत थोड्या दिवसांत झाली. बाई, तुम्ही लग्न होऊन आल्यापासून त्याच खोलीत त्याच ढिगाशेजारी झोपलात, वेचणीत तोंडाला पदर न बांधता राबलात, सरकीची धूळ खाल्लीत. तुमची जाळी कोणी धुतली? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाकात आणि श्वासनळीत ओलसर थर असतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, आणि ते केस जन्मल्यापासून मरेपर्यंत एकाच दिशेनं, वरच्या दिशेनं झाडत असतात. झोपेतसुद्धा. जन्मभर तुमच्या आत कोणीतरी अंगण झाडत होतं आणि आपल्याला कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या झाडणीपुढे कापसाचं काही चाललं नाही. विषाणू मात्र धुळीसारखा येतच नाही. तो पेशीच्या दारातून किल्ली लावून आत जातो.

त्या संध्याकाळी मी यवतमाळला परत येताना सारा रस्ता नुसता श्वास घेत होते. दुसरं काही केलं नाही.

मी तुम्हांला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चला. लाइनचा त्रास नाही, डॉक्टर जवळ, कापूस नाही. तुमचं एकच उत्तर होतं, "तुह्या घरी वारा कोनाचा?" मला ते तेव्हा हट्टाचं वाटायचं; आपल्या वावरावरून येणाऱ्या वाऱ्याबद्दल तुम्ही बोलत होतात, हे नंतर कळलं. कापूस तेवढा तुम्ही बाहेरच्या गोठ्यात हलवू दिलात. सगळा ढीग जाताना दारात उभ्या राहिलात, आणि खोली रिकामी झाल्यावर म्हणालात की घर बोडकं दिसते.

हळूहळू तुमचे शब्द कमी झाले. मुलांनो, याला म्हणतात कालांतरानं होणारा परिणाम. एका दिवशी काही होत नाही. आधी जिना जातो, मग पार जातो, मग न्हाणी. मग जेवताना बोलणं जातं, कारण घास आणि शब्द दोन्हींना एकच श्वास पुरत नाही. घट्ट झालेल्या फुप्फुसातून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकते आणि पाय सुजतात. तुमच्या टाचांच्या भेगा सुजेनं बुजल्या, बाई. गावात सगळ्यांत जास्त बोलणारी बाई वाक्य निवडून बोलायला लागली. "चहा." "खिडकी." "झोप जाऊन वं." वाक्यातला एकेक शब्द गेला, पण शेवटचा 'वं' तुम्ही कधी सोडला नाहीत. श्वासाची इतकी ओढाताण असताना त्याच्यासाठी तुम्ही हवा राखून ठेवायच्या.

गेल्या वर्षी सीतादहीला तुम्ही येणारच म्हणालात. मी नको म्हटलं, दिगू नको म्हणाला. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सांगितलं की थोडाच वेळ, तोंडाला मास्क बांधून, सिलिंडर बरोबर घेऊन जाऊ द्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधून दिगूनं तुम्हांला नेलं आणि खुर्चीसकट वावरात उतरवलं. वावर पांढरं झालं होतं. तुम्ही दहीभात शिंपडलात, पहिलं बोंड वेचलंत, नाकातली नळी सारखी केलीत आणि हाक दिलीत.

ती मला ऐकू आली, कारण मी तुमच्या खुर्चीला हात लावून उभी होते. पहिल्या तासावर उभ्या असलेल्या वनमालाबाईंना ऐकू आली. त्यापुढे नाही. बाया तशाच उभ्या राहिल्या. तुम्ही पुन्हा श्वास ओढलात आणि तो मधेच तुटला. मला वाटलं, आता तुम्हांला उचलून परत न्यावं. तेवढ्यात वनमालाबाई मागे वळल्या आणि तुमचे शब्द त्यांनी तुमच्याच लयीत पुढे दिले. त्यांच्या पुढची बाई वळली. मग तिच्या पुढची. तुमची हाक एकेका बाईच्या छातीतून पुढे जात जात पाटाच्या कडेला पोचली आणि तिकडून उलट "हो" आलं. डॉक्टर सांगायचे, जो भाग निकामी होतो त्याचं काम उरलेले चांगले फुगे उचलतात, तुम्ही जगता आहात त्या त्यांच्या जिवावर. मी ते वावरात डोळ्यांनी पाहिलं.

ट्रॉलीत परत चढताना तुम्ही माझं मनगट धरलंत.

"पुढल्या साली तू देजो."

रीतीप्रमाणे तुमच्यानंतर मीच, हे मला ठाऊक होतं. तरी मी माझ्या सवयीप्रमाणे मुद्दे मांडले. एक, पुढल्या वर्षी तुम्हीच द्याल. दोन, मला शेतीतलं काही कळत नाही. तीन, माझा आवाज जातच नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग थांबत थांबत म्हणालात, "वर्गात चाळीस पोट्टे... गप करे तू. हे वावर... काय चीज आहे वं."

मी हो म्हटलं नाही. हो म्हटलं असतं तर तुम्ही जाणार हे मान्य केल्यासारखं झालं असतं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. घरी पोचल्यावर पाणी मागितलंत आणि कव्हराची झालर उसवून ठेवा, कामी येईल, असं वर्षाला सांगितलंत.

यंदाचा पावसाळा सरताना, एका सकाळी, यंत्र चालू असताना तुम्ही गेलात. दिगूला आधी कळलंच नाही, कारण यंत्राचा श्वास तसाच चालला होता. आता ते यंत्र बाभुळगावच्या एका आजोबांकडे दिलं आहे. जाळी दर रविवारी धुवायची, कापड झाकायचं नाही, असं मी मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यावर चिकटवलं आहे.

आणि काल सीतादही झाली, बाई.

दिगू सकाळी न्यायला आला. खडे वर्षानं मांडले. दहीभात मी शिंपडला, माझ्या हातून एका बाजूला जास्त पडला, तशी वनमालाबाई म्हणाल्या की पूर्वेकडच्या पऱ्हाट्या मजा करतील यंदा. मी बोंड वेचलं. त्याची टोकं बोटाला टोचली. सगळं वावर माझ्याकडे तोंड करून उभं होतं. मी हाक दिली. गळ्यातल्या गळ्यात, वर्गात हजेरी घेतल्यासारखी. पहिल्या तासावर कोणीतरी पदराआड हसलं. वनमालाबाई गेल्या वर्षीप्रमाणे मागे वळायला लागल्या, हाक पुढे द्यायला.

मी हात वर करून त्यांना थांबवलं.

मग डॉक्टरांनी तुम्हांला शिकवला होता तसा श्वास घेतला. सावकाश, पार खालच्या फासळ्यांपर्यंत. हवा आत उतरताना मला जाणवली, फांद्यांतून डहाळ्यांत, डहाळ्यांतून त्या फुग्यांत, अख्खं खळं भरत. कुठे अडली नाही, कुठे ओढलं नाही. म्हातारपणी मला एवढं सगळं आतमध्ये मिळालेलं आहे, हे मला कधी माहीत नव्हतं. आणि मी तुमचे शब्द वावरभर सोडून दिले.

पाटाच्या कडेवरून "हो" आलं. थेट आलं, मधे कोणाला वळावं लागलं नाही. बाया वाकल्या, वेचणी सुरू झाली.

तुम्ही हाक देऊन लगेच वेचायला लागायच्या. मला धुऱ्यावर बसावं लागलं. छाती धपापत होती, डोळ्यांपुढे पांढरं वावर हलत होतं. बसून राहिले. काही केलं नाही, चेंडू ओढला नाही, नळी शोधली नाही. थोड्या वेळानं श्वास आपला आपण परत आला.

किती सहज येतो हो तो, बाई.